दुसरा फोटो

पनवेल आणि आजूबाजूच्या गावांत या माणसाचा ओरडा खाल्ला नाही असं घर शोधून सापडायचं नाही, आणि सापडलंच तर त्या घराची पाळी अजून यायची आहे एवढंच समजावं. तो आमच्या सेंटरवर एमआरआयचं मशीन चालवायचा. मी त्याच सेंटरवर, त्याच्या काचेच्या खिडकीपासून सात पावलांवर, अकरा वर्षं रिसेप्शनला बसले. पेशंटची नावं लिहिली, डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप केले आणि त्याच्याशी भांडले. या तीन कामांत सगळ्यात जास्त वेळ कशात गेला हे सांगायला नको. लोक त्याच्याबद्दल "तोंडाने फटकळ आहे, पण मनाने चांगला आहे हो" असं बोलतात तेव्हा माझं डोकं सणकतं. मन कोणी बघितलंय? आमच्या वाट्याला रोज तोंडच यायचं. तर हे मी रागाने लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते, आणि राग फक्त त्याच्यावर नाही हेही. दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची वाचा गेली. ती का गेली हे डॉक्टर सोडले तर तीनच माणसांना ठाऊक आहे. त्यांतल्या एकाला बोलता येत नाही, दुसरा बोलत नाही, म्हणून तिसरी बोलते आहे.

पहिल्यांदा त्याला बघणाऱ्याला तो मशीन चालवत असेल असं वाटायचंच नाही. सहा फूट उंच, काळा कुळकुळीत, हाताचे पंजे फावड्यासारखे. मशीनची खोली थंडगार ठेवावी लागते म्हणून अंगात बाराही महिने स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी. मे महिन्यात अख्खं पनवेल घामाने निथळत असताना हा माकडटोपी घालूनच स्कूटरवरून घरी जायचा, कारण ती काढायची त्याला आठवणच राहत नसे. सिग्नलला लोक बघून हसले की हा त्यांच्यावर डाफरायचा. घराणं मिठागरवाल्यांचं. खाडीकाठची जमीन गेली, चुलतभावांनी इमारती उठवल्या, दारात पांढऱ्या गाड्या लावल्या, आणि हा एकटाच तरुणपणी एक्स-रेचा कोर्स करून पाठीला डबा लावून नोकरीला लागला. "आमचा येडा फोटो काढतो," असं भाऊबंद त्याच्या तोंडावर म्हणायचे. यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: "काढतो. तुमचा पन काढीन एक दिस. लायनीत या."

त्याच्या ओरडण्याचा पहिला विषय म्हणजे 'अंगावरून वारं गेलं' हे तीन शब्द. आमच्याकडे कोणाचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, की वारं गेलं असंच म्हणतात. माझी आजीही म्हणायची. पण याच्यासमोर कोणी म्हटलं की संपलंच. नेऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याला त्याच्या सुनेने आणलं आणि बिचारी रडत रडत म्हणाली की सकाळी गोठ्यात वारं गेलं अंगावरून. हा दारातच उभा राहून गरजला, "वारा कुटून जातो गो? डोक्याला खिडकी हाय का? रगत थांबलाय, रगत! मेंदूची नली तुंबलीय!" सून रडायची थांबली आणि घाबरून भिंतीला टेकली. म्हातारा मात्र स्ट्रेचरवरून वाकड्या तोंडाने हसला. मी त्या बाईला पाणी दिलं आणि याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच माझ्या टेबलावर फॉर्म उलटा करून ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने चौकोन काढायला लागला. मला वाटलं माफी मागतोय. माफी कसली, शिकवणी सुरू झाली होती.

ती शिकवणी मी जन्मात विसरणार नाही. आमच्या सेंटरचे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर 'डिफ्यूजन' हा शब्द अर्धा अर्धा तास समजावून सांगायचे आणि ऐकणारे सगळे मान डोलावत बाहेर पडायचे. याने तो मिठागरात नेऊन बसवला. "बाय," तो म्हणाला, "हे आमचं मिठागर. उघाडी, म्हनजे बांदाचा दरवाजा, उगडली का खाडीचा पानी आत येतं. पानी वाहता हाय तवर काय दिसत नाय. पानी थांबला, अडकला, का काय व्हतं? पांढरा. तसाच डोक्यात. सगल्यांच्या डोक्यात पानी हाय, तुज्या पन हाय, थोडा कमी असंल. ते सारखा हलत असतं. रगत मिलायचा बंद झाला का मेंदूतल्या पेशी फुगतात, पानी आत अडकतं, हलत नाय. मशीनला ते पांढरा दिसतं. साध्या फोटोत काय पन दिसत नाय, शीटी स्कॅनला दिसत नाय, पन ह्या फोटोत पाच-दा मिन्टांत दिसतं. हाच पयला फोटो." मग त्याने शेजारी दुसरा चौकोन काढला आणि आवाज खाली आणला, म्हणजे साधारण आपल्या ओरडण्याइतका. "आन् हा दुसरा. ह्या फोटोत पांढरा यायला चार-पाच तास लागतात. पयला सांगतो काय झाला. दुसरा सांगतो कवा झाला. पयला पांढरा आन् दुसरा काला, म्हनजे येल हाय, पलव वरती हास्पिटलात, टोच इंजेक्शन. दोन्ही पांढरं, म्हनजे येल गेली." गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन वेळेत दिलं तर माणूस चालत घरी जातो, आणि वेळ टळल्यावर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूसच जाऊ शकतो, हे मी अकरा वर्षांत इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन. मला तेव्हा कुणी विचारलं असतं की या बाईच्या हातून कधी वेळ चुकेल का, तर मीच त्याला हसले असते.

वेळ हेच त्याचं खरं वेड होतं. पेशंटच्या नातेवाइकांना "किती वाजता झालं?" असं तो कधीच विचारायचा नाही. त्याचं म्हणणं असं की घाबरलेला माणूस घड्याळ बघत नाही आणि बघितलं तरी खोटं सांगतो. तो विचारायचा, "धड कवा बगितलात?" आणि मग उलटतपासणी. नळाला पाणी आलं होतं का? दूध येऊन गेलं होतं का? कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या का? टीव्हीवर सासू सुनेला घराबाहेर काढत होती की परत आणत होती? खांदा कॉलनीत पाणी कधी येतं, करंजाड्यात कधी येतं, कुठल्या गावात कुठली एसटी किती वाजता वळते, हे त्याला पाठ. दोन मिनिटांत तो वेळ पाच-दहा मिनिटांच्या आत आणून ठेवायचा. आणि हे सगळं चालू असताना मी मात्र आत जायच्या आधी फॉर्मवर नाव, वय, पत्ता मागायचे, कारण तो सेंटरचा नियम होता आणि नोकरी माझी होती. "नाव मागून! डोका आदी!" असं ओरडत तो माझ्या हाताखालून स्ट्रेचर ओढून न्यायचा. मी मागून ओरडायचे, "मग फोटोवर नाव काय घालू? अनोळखी?" तो आतून ओरडायचा, "घाल तुज्या बापाचा!" माझे वडील तेव्हा हयात होते आणि नाव वाईटही नव्हतं, पण ते किती पेशंटना लावणार?

खोटं बोलणाऱ्या नातेवाइकांवर तर त्याचं जे व्हायचं ते बघण्यासारखं असे, म्हणजे लांबून. एकदा एका मुलाने वडलांना आणलं. भर दुपार. "आत्ताच झालं, अर्धा तास पण नाही," असं देवाची शप्पथ घेऊन सांगत होता. आत दोन्ही फोटो पांढरे आले. शिवाय म्हाताऱ्याच्या हाताला तांबडं काहीतरी सुकलेलं, ते चादरीला लागलं. सकाळीच त्यांनी डोंगराकडच्या कुणा वैदूकडे नेऊन कबुतराचं रक्त चोळून घेतलं होतं, मग भावकी जमली, मग काकांची वाट बघितली, मग काका आले, मग काकांचं जेवण झालं. हा बाहेर आला आणि त्या पोराच्या नाकासमोर उभा राहिला. "देवाची शप्पत घेतलीस? देव माज्या फोटोत नाय, सकाल हाय माज्या फोटोत! कबुतराचा जीव गेला, बापाचा हात गेला. कोनाचा भला झाला सांग!" काकांनी मध्ये तोंड घातलं तर त्यांना म्हणाला, "तुमी जेवलात ना पोटभर? मंग गप बसा." हातघाईवर आलं होतं. मी मध्ये पडले आणि त्यालाच मशीनच्या खोलीत ढकललं. तेव्हा मी त्या पोरावर मनातून इतकी चिडले होते की काय सांगू. आपल्याच बापाच्या वेळेबद्दल माणूस खोटं कसं बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळत नव्हतं.

बरं, सेंटरबाहेर तरी त्याने गप्प बसावं? नाव नको. दोन्ही हात वर करून दाखवा, हसून दाखवा, नाव सांगा, ही त्याची तीन मिनिटांची परीक्षा तो लग्नात, बारशात, स्मशानातसुद्धा घ्यायचा. त्याच्या पुतणीच्या हळदीला आम्ही सगळे सेंटरवाले गेलो होतो. डीजे दणाणत होता, अख्खं गाव हात वर करून नाचत होतं. आणि याची नजर नवऱ्या मुलाच्या मामावर गेली. मामा नाचत होते, पण एकच हात वर होता. झालं. याने जाऊन डीजेची वायरच उपटली. "एक हात! एकच हात वर हाय!" असं ओरडत त्या मामांना धरून ओढत गाडीकडे न्यायला लागला. मामा जीव तोडून सांगत होते, पण ऐकतो कोण. शेवटी कळलं की त्यांचा खांदा धरला होता आणि त्यासाठी ते रोज शेकायला जात होते. वराकडची मंडळी पानावरून उठायला निघाली. भावांनी याच्या वतीने हात जोडले आणि याला गोठ्यामागे नेऊन बसवलं. तिथूनही तो ओरडत होता, "खांदा असला तरी दाखवायला काय जातं?" तेव्हापासून त्याची स्कूटर गावात शिरली की पारावरची माणसं आपणहून दोन्ही हात वर करून दात दाखवतात. त्यांना ती गंमत वाटते. हा मात्र प्रत्येकाकडे नीट बघून मगच पुढे जातो.

आणि याच माणसाच्या टेबलाच्या खणात हळकुंडं असायची. मशीनमध्ये जाताना अंगावर धातू चालत नाही, तर मंगळसूत्र काढावं लागतं. आमच्याकडच्या बायका कुडी काढतील, जोडवी काढतील, मंगळसूत्र म्हटलं की हात गळ्यावर घट्ट. ही त्यांची हट्टाची जागा नाही, भीतीची आहे. तर हा दर शनिवारी बाजारातून हळकुंडं आणून पिवळ्या दोऱ्यात एकेक गाठवून ठेवायचा आणि अशी बाई आली की दोरा माझ्याकडे फेकायचा. "बाय, बांध हिच्या गल्यात. आन् तुमी ओ, आता तरी काडा ते. नवरा काय पलून जात नाय दा मिन्टांत." एवढं खेकसून बोलायचा की बाई मंगळसूत्र काढून हळकुंड बांधून आत जायची सुद्धा. मी एकदा म्हटलं, हे काम तुम्ही छान करता. तर माझ्यावरच उखडला, म्हणाला, वाद घालन्यात सा मिन्टं जातात, दोरा बांधायला एक.

आता मी माझ्यावर येते.

माझा नवरा तीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचा. फलाट क्रमांक, मार्ग, सुटण्याची वेळ. माइकवरचा त्याचा आवाज ऐकून मी त्याच्याशी लग्न केलं असं माझ्या बहिणी म्हणतात, आणि ते खोटं नाही. तो रिटायर झाला आणि आम्ही करंजाड्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सासूबाईंची इच्छा म्हणून सत्यनारायण ठरला. साडेनऊला गुरुजी यायचे होते. साडेसात वाजता मी शिऱ्यासाठी रवा भाजत होते, तर हा आतून सोवळं धरून आला. गाठ बसत नव्हती. उजव्या हाताची बोटं नुसती फिरत होती. "पहिल्यांदा नेसताय का?" असं हसत मीच गाठ बांधली. त्याला नारळाबद्दल काहीतरी विचारायचं होतं. "ना," तो म्हणाला, "ना, ना," आणि थांबला. मी वर बघितलं. ओठाचा उजवा कोपरा खाली होता. थोडासाच.

मला कळलं. मला कळलं नाही असं मी पुढे कितीही जणांना सांगितलं असलं, तरी इथे सांगत नाही. अकरा वर्षांचा ओरडा त्या एका क्षणात माझ्या कानात वाजला. दोन्ही हात वर करा, असं मी त्याला म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर बघावं लागलं असतं. बाहेर पन्नास माणसं यायची होती, गुरुजींना बारानंतर दुसरीकडे पूजा होती, सासूबाईंचा उपास होता, रवा गॅसवर होता. "उपाशी पोटी होतं असं," सासूबाई म्हणाल्या, आणि मी, मी ते धरून ठेवलं. मनात म्हटलं, पूजा अर्धवट टाकून उठायचं नसतं, आरतीपर्यंत बघू.

पूजेत बायकोने नवऱ्याच्या उजव्या हाताला हात लावून बसायचं असतं. म्हणजे दोन तास तो हात माझ्याच हातात होता. पळी तीनदा पडली. गुरुजींनी गोत्र विचारलं तर हा त्यांच्याकडे बघतच राहिला, सासूबाईंनी मागून सांगितलं. चौथ्या अध्यायाला तो माझ्या अंगावर कलला आणि मी खांद्याने त्याला सरळ धरून ठेवलं. समोरच्या बायकांत कुणीतरी कौतुकाने म्हणाली की जोडा बघा कसा शोभतोय. आरतीला उभा करायला गेलो तेव्हा तो कोसळला. वाईट याचं वाटतं की त्यानंतरही कुणीतरी तीर्थ आणलं आणि ते मी त्याच्या तोंडाला लावलं. ते सगळं उजवीकडून गळून गेलं.

सेंटरवर पोहोचायला एक वाजला. नव्या फ्लॅटपासून ते पंधरा मिनिटांच्या रस्त्यावर आहे. हा दारातच उभा होता, टोपी, स्वेटर, सगळं जसंच्या तसं. "धड कवा बगितलास?" त्याने मला विचारलं. आणि मी, जिच्यासमोर त्या शप्पथ घेणाऱ्या पोराचे वाभाडे निघाले होते, ती मी म्हणाले, "बारा वाजता. आरतीच्या वेळी." का म्हणाले? त्याच्या ओरड्याची भीती वाटली. दुसरं काहीही कारण नाही. नवऱ्याचा जीव जात होता आणि मला लाज वाटत होती.

त्याने नाव विचारलं नाही, स्ट्रेचर ओढून नेलं. काचेमागे मी उभी राहिले. वरच्या मजल्यावर हॉस्पिटलचे मेंदूचे डॉक्टर फोन धरून, इंजेक्शन तयार ठेवून थांबले होते, कारण बारा वाजता म्हणजे वेळ होती. पहिला फोटो आला. डावीकडे, जिथून माणूस बोलतो तिथे, पांढरा डाग. मग दुसरा आला. त्याच जागी पांढरा. हजारो रिपोर्ट टाइप केलेत मी, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळला. नळाला पाणी, दूध, कुकर, काही विचारलं नाही.

"बाय," तो म्हणाला, "गाऊन घालताना बगितला. सोवल्याची गाठ उलटी हाय, समोरून बांधलेली. त्याची नाय. कोनी बांधली?"

"मी."

"किती वाजता?"

"साडेसात."

त्याने फोन उचलला. "सायेब, थांबा. साडेसात. दुसरा फोटो पन पांढरा हाय. टोचू नका." एवढंच. फोन ठेवला. मी डोळे मिटून उभी होते. आता भिंती हलणार, आता बाहेर बसलेल्या सासूबाईंना, शेजाऱ्यांना, अख्ख्या सेंटरला ऐकू जाणार. काही झालं नाही. मी डोळे उघडले तर तो माझ्या नवऱ्याचा लुळा हात मशीनच्या कडेवरून उचलून चादरीत घालत होता.

बाहेर सासूबाईंनी त्याला धरलं. कधी झालं हो हे, आम्ही सगळे तिथेच होतो, कुणाला कसं कळलं नाही? आणि या माणसाने, खोट्या शपथांवर अंगावर धावून जाणाऱ्या या माणसाने, त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आजी, झोपंत झालाय. पाटंच झाला असंल. कोनाला कलनार? कोनाचा दोष नाय." सासूबाईंनी हात जोडले. त्या आजही तेच सगळ्यांना सांगतात.

इंजेक्शन दिलं असतं तर तो कदाचित त्या दुपारीच गेला असता. माझ्या खोट्याने त्याला मारलं असतं आणि त्या दुसऱ्या फोटोने वाचवलं. पण वाचा गेली. साडेसातला रवा उतरवून मी निघाले असते तर ती राहिली असती की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. तेही बहुधा माझ्यावर दया करतात.

मला दया नको होती. आठ दिवसांनी मी सेंटरवर गेले, थेट मशीनच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. म्हटलं, "ओरडा." तो पडद्यावरून मान न वळवता म्हणाला, "फॉर्म भर. त्याचा फॉर्म रायलाय." मी म्हटलं, "भाऊ, मी काय म्हणते ऐकू येतंय का? जगभरच्या लोकांना ओरडलात, एका खांदा धरलेल्या माणसाची वरात काढलीत, आणि मला एक शब्द नाही?" माझाच आवाज इतका चढला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. त्याने खणातून कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. त्रास सुरू झाल्याची वेळ, या रकान्यात साडेसात लिहिलं. त्याने ते वाचलं आणि पेन परत खिशाला लावलं. त्याचा मला इतका राग आला की मी त्या महिन्यात नोकरी सोडली.

तर हा माणूस दर रविवारी आमच्या घरी यायला लागला. मी बोलावलं नव्हतं. वाचा परत यावी म्हणून एक बाई शिकवायला यायच्या, त्या गोड बोलायच्या. आम्ही सगळेच नवऱ्याशी लहान बाळाशी बोलावं तसं बोलायचो, आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. याने आल्या आल्या त्याला उठवून बसवलं. "झोपतोस काय? पत्ते खेल." उजव्या हाताने पत्ते धरता येत नाहीत म्हणून एका लाकडी पट्टीला करवतीने खाचा पाडून आणल्या होत्या, त्यात पत्ते खोचायचे. बदाम सात. दोघांतच. आणि हा उघड उघड लबाडी करायचा. पान हातात असून "पास" म्हणायचा, ते पानही असं धरायचा की समोरच्याला दिसावं. माझा नवरा डाव्या हाताने बोट दाखवायचा, घशातून आवाज काढायचा. हा म्हणायचा, "काय? काय झाला? तोंडानं बोल. नाय बोलत? मंग पास." मला वाटायचं, याला घराबाहेर काढावं. एकदा मी काढलंही. पुढच्या रविवारी माकडटोपीसकट परत हजर.

असे किती रविवार गेले मी मोजले नाहीत. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. बाहेर त्याचं "पास" ऐकू आलं, आणि मग खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज.

"खोटारड्या!"

पूर्ण. स्पष्ट. स्टँडवर ऐकू जाईल असा. सासूबाईंच्या हातातली जपमाळ पडली. "कोन खोटारडा? मी? पुना बोल, पुना बोल!" तो ओरडत होता, आणि माझा नवरा पुन्हा बोलला, मग पुन्हा, तोंडातून थुंकी उडत होती, वाकडा ओठ हसत होता. मी सुरी हातात घेऊनच दारात आले. मला आनंद झाला, आणि तो शब्द मला जिथे लागायचा तिथे लागलाही. माझ्या नवऱ्याने त्याच्याकडून नजर काढून माझ्याकडे बघितलं. पूजेच्या पाटावर तो होता. त्याचा हात कोणी दोन तास धरून ठेवला होता हे त्याला कुणी सांगायची गरज नाही. त्याला अजून एकच शब्द आला आहे. आणखी येतील, असं त्या शिकवणाऱ्या बाई म्हणतात. ज्या दिवशी पुरेसे येतील त्या दिवशी तो मला काय बोलेल ते मला माहीत आहे, आणि ते त्याने बोलावं म्हणून मी रोज देवापुढे उभी राहते.

"बाय, बगतंस काय?" तो खेकसला. "दोगांत मजा नाय. बस हितं, तिसरा हात घे."

मी सुरी ठेवली, हात धुतले आणि बसले. माझ्या नवऱ्याने डाव्या हाताने, एकेक करून, माझे पत्ते वाटले.